विजय वर्मा आपला कोण लागतो?

दोस्तहो, आपल्यातल्या काही पोरांनी एक नवं खूळ काढलंय. 'दीवार'मधला विजय वर्मा हा म्हणे पडद्यावरचा पँथर. निळा सदरा, पोटावर मारलेली गाठ, खांद्यावर दोरी, तोंडात विडी आणि मागं फडकणारा निळा झेंडा, असं एक चित्र मोबाइलवर फिरत फिरत आमच्या वरवंडपर्यंत आलं. यंदा जयंतीच्या आदल्या रात्री पोरांनी वस्तीत चादर बांधून हा सिनेमा दाखवला आणि दुसऱ्या दिवशी मिरवणुकीच्या ट्रॅक्टरवर विजयचा फोटो चढला. बाबासाहेबांच्या फोटोपेक्षा वीतभर लहान ठेवला, एवढीच काय ती अक्कल.

दुसरीकडं आपलेच शिकले-सवरलेले भाऊ. पुण्याला फ्लॅट, कपाटात पुस्तकं. 'दीवार'चं नाव काढलं की यांचं नाक वर. धंदेवाईक माल, जनतेची अफू, बूर्ज्वा स्वप्नरंजन. तीन शब्दांत खेळ खलास, आणि सिनेमा पाहिलेला असतो मात्र चार वेळा.

मला दोघांशीही भांडायचंय. मी दहावी पास आहे, आमच्याकडं अजून मॅट्रिकच म्हणतात. मुंबईच्या गोदीत ठेकेदाराकडं हमाली करतो आणि रात्री कविता खरडतो. सिनेमाचं शास्त्र मला येत नाही. पण या सिनेमाचा नायक माझ्या धंद्यातला माणूस आहे, त्यामुळं त्याच्या खांद्यावरची दोरी खरी की खोटी हे सांगायचा हक्क माझा आहे. तो मी कुठल्या प्राध्यापकाला देत नाही.

आधी शिकलेल्या भावांशी.

हिंदी सिनेमात हमाल असतो तो स्टेशनावर, नायकाची पेटी उचलायला. लाल डगला घालून एका कोपऱ्यातून येतो, दुसऱ्या कोपऱ्यातून जातो. जानेवारी १९७५ मध्ये आलेल्या या सिनेमात हमाल पडद्याच्या मधोमध उभा आहे. यश चोप्रा दिग्दर्शक, सलीम-जावेद लेखक, गुलशन रायचा पैसा. यांच्यापैकी कुणी आयुष्यात पन्नास किलोची गोणी पाठीवर घेतली असेल असं मला वाटत नाही. पडद्यावरचे हमाल जरा जास्तच आंघोळ करून आलेत, कुणी खोकत नाही, कुणाच्या तळव्याला हुकाची जखम नाही. पण पगाराच्या दिवसाचं दृश्य त्यांनी नेमकं पकडलंय. पैसे हातात पडतात आणि दहा पावलांवर पीटरची माणसं हप्ता घ्यायला उभी. एक नवा पोरगा देत नाही म्हणतो आणि जिवाला मुकतो. बाकीचे बघत उभे राहतात. ती शांतता ज्यानं भोगलीय त्यालाच कळते.

मी ज्या ठेकेदाराकडं आहे (नाव लिहीत नाही, पोट आहे) तिथला मुकादम पीटरसारखा गुंड नाही. भला माणूस आहे, चहा पाजतो. फक्त पाळीमागं पन्नास रुपये कापून घेतो आणि सही पूर्ण रकमेवर घेतो. त्याच्या खिशात एक लाल पुठ्ठ्याची वही असते, तिच्यात हे पन्नास कुठंच दिसत नाहीत. विचारलं तर म्हणतो, "बाबा रे, वर द्यावे लागतात." वर म्हणजे कुठं हे गोदीत कुणी विचारत नाही. वर क्रेन असते.

मग विजय पीटरच्या गोदामात शिरतो. पीटरची माणसं त्याला बाहेर शोधताहेत आणि हा पठ्ठ्या त्यांच्याच अड्ड्यात पाय पसरून बसलाय. आतून दाराला कुलूप घालतो आणि किल्ली पीटरलाच खिशात ठेवायला देतो. चादरीवर हे दृश्य आलं तेव्हा वस्तीत जी शिट्टी उठली ती ऐकायला भाऊसाहेबांनी पुण्याहून यायला हवं होतं. अफू घेतलेली माणसं पेंगतात. ही पोरं उभी राहिली होती. आजवर दार आपल्यावर बाहेरून लागत आलं. देवळाचं लागलं, शाळेचं लागलं, आडनाव ऐकून भाड्याच्या खोलीचं आजही लागतं. इथं आपल्यासारखा दिसणारा माणूस आत आहे आणि कुलूप त्याच्या मर्जीनं लागलंय. हे कळायला सिनेमाचं शास्त्र लागत नाही.

माझा आजा १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला होता, आजी घमेली वाहायची. तीन वर्षांनी आज्यानं दौंडला जाऊन 'दीवार' पाहिला. त्याला फायटिंग आठवत नाही, गाणी आठवत नाहीत, परवीन बाबीसुद्धा आठवत नाही (असं तो आजीसमोर सांगतो). त्याला आठवतं ते बुटाला पॉलिश करणारं पोरगं. "आरं, फेकल्यालं पैसं उचाललंच न्हाय त्यानं. म्हनला, हातात द्या." एवढं बोलून म्हातारा गप होतो. त्याच्या बापानं गावकीची कामं करून दारोदार हात पसरला होता आणि लोकांनी भाकरी वरून टाकली होती. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी सांगितलं, शिळे तुकडे घेऊ नका, मेलेलं ढोर ओढू नका, खाऊ नका. ते वाक्य आमच्या आज्यापर्यंत भाषणातून आलं, वस्तीतल्या गाण्यांतून आलं आणि एकदा, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, दौंडच्या थेटरातनं आलं. बूर्ज्वा स्वप्नरंजन म्हणून हे झटकून टाकायचं असेल तर टाका, पण मग वस्तीत येऊन समाजवादावर बौद्धिक घेऊ नका.

आता पोरांशी. यांच्याशी जरा जास्त भांडायचंय, कारण ही माझी आहेत.

त्या सदऱ्यापासून सुरुवात करू. तो शिवताना लांब झाला म्हणून गाठ मारली, हे खुद्द अमिताभ बच्चननं सांगितलंय. शिंप्याच्या चुकीत तुम्ही क्रांतीचा गणवेश बघताय. बघा, हरकत नाही.

सगळ्यात मोठी गोष्ट हातावरच्या गोंदणाची. लहान विजयला माणसं धरतात आणि त्याच्या डाव्या हातावर कायमचं गोंदतात की माझा बाप चोर आहे. जातीवर हिंदी सिनेमे निघालेत. 'अछूत कन्या' १९३६ सालचा, 'सुजाता' १९५९ सालचा. त्यांत अस्पृश्य पोरगी सोसते, गाते, रक्त देते आणि मग घरच्यांना तिची दया येते. 'दीवार'मध्ये जातीचा शब्द नाही, पण गोंदण आहे. बापाचं कृत्य पोराच्या कातडीवर लिहायचं आणि पोरानं ते बाहीखाली झाकून जन्म काढायचा. ज्यानं शहरात खोली मिळवायला, नोकरी टिकवायला आडनाव गिळलंय त्याला ती बाही ओळखीची आहे. हे बळ मी मान्य करतो. इतकं की ते दृश्य आलं की मी मान खाली घालतो.

पण पुढं काय केलंय बघा. बाप चोर नव्हताच. तो कामगारांचा पुढारी, मालकानं त्याची बायकापोरं ताब्यात घेतली म्हणून त्यानं कागदावर सही केली. म्हणजे हातावरचं वाक्य खोटं. विजयचं दुःख हे की त्याच्या घराण्यावर खोटा आळ आला. दोस्तहो, आपल्यावर आळ आलेला नाही. माझ्या पणज्याला गावानं महार म्हटलं ते चुकीच्या माहितीवरून म्हटलं नव्हतं, की चौकशी झाली, निर्दोष सुटला, घरी गेला. तो महारच होता. त्यात खोडून काढायला काही खोटं नव्हतंच. गोंदणारा हात कुणाचा आणि त्याला सुई कुणी दिली, हा आपला प्रश्न. विजय जन्मभर विचारतो की माझ्यावर का? आपल्याला विचारायचंय की कुणाच्याही अंगावर लिहिणारे तुम्ही कोण? या दोन प्रश्नांमधून दोन वेगळे सूड निघतात, हे ध्यानात ठेवा. पुढं लागेल.

आडनाव तर वर्मा. हिंदी सिनेमाचं लाडकं आडनाव, कुठंही चिकटतं, कशालाही नडत नाही. गोदीत रहीम चाचा आहे, पीटर आहे, दावर आहे, सामंत आहे. कांबळे नाही, गायकवाड नाही, साळवे नाही. मुंबईच्या गोदीवर हमाल आहेत आणि त्यात आपला एकही नाही! तुमच्या पडद्यावरच्या पँथरच्या हजेरीपटावर आपली माणसंच नाहीत.

आणि तो मालक? ज्यानं सही घेतली, ज्याच्यापायी बाप परागंदा झाला, आईच्या डोक्यावर विटांचं घमेलं आलं (निरुपा रॉयची साडी मात्र बांधकामावर सुद्धा इस्त्रीची), तो मालक पुढं कुठं गेला? पोरांना मी त्या रात्री हेच विचारलं. कुणाला सांगता येईना. सूडाचा सिनेमा म्हणून आपण टाळ्या वाजवतो आणि ज्याच्यावर सूड घ्यायचा तो पहिल्या काही रिळांतच सटकलेला असतो. विजय जन्मभर लढतो कुणाशी, तर पीटरशी आणि सामंतशी. एका तस्कराच्या वतीनं दुसऱ्या तस्कराशी. आई जिथं विटा वाहत होती ती इमारत तो विकत घेऊन तिच्या पायाशी ठेवतो, आणि त्यावर वस्तीतल्या बायकांनी डोळे पुसले. मीही समजू शकतो. पण इमारत विकत घेतली म्हणजे विटा वाहणाऱ्या दुसऱ्या बायकांचं काय झालं? मालक बदलला, घमेलं तिथंच.

सिनेमात कामगारांची एकजूट एकदाच दिसते आणि ती स्वतःच्याच पुढाऱ्याला मारायला उठते. संघटना म्हणजे विश्वासघात, पुढारी म्हणजे सही करून पळणारा, खरं काय ते एकट्याची मूठ. हा सिनेमा कधी आला ते पाहा. मे १९७४ मध्ये रेल्वे कामगारांनी वीस दिवस देशाची चाकं थांबवली होती आणि इंदिराबाईंच्या सरकारनं हजारोंना तुरुंगात घालून, क्वार्टरमधनं बायकापोरं बाहेर काढून तो संप चिरडला होता. दौंडसारख्या जंक्शनच्या गावात राहणाऱ्याला हे परक्यानं सांगायला नको. त्याच वर्षाच्या सुरुवातीला वरळी पेटली होती. पँथरच्या सभेवर दगड पडले, बीडीडी चाळीत पोलीस शिरले आणि १० जानेवारी १९७४ ला परळला मोर्चावर माडीवरून आलेल्या दगडानं भागवत जाधव गेला. त्याच मुंबईत, त्यानंतर वर्षभरानं, संतापलेल्या तरुणाचा सिनेमा लागतो. आपला संताप त्या शहराच्या हवेत होता, तो सलीम-जावेदच्या नाकात गेला असणारच. त्यांनी संताप घेतला, बाकी सगळं चाळून बाहेर टाकलं. मोर्चा टाकला, चाळ टाकली, जात टाकली. उरला तो उंच, देखणा, एकटा वर्मा. आणि आता पन्नास वर्षांनी आपणच तो आपला म्हणून ट्रॅक्टरवर चढवतोय.

गोदीतला हप्ता प्रत्यक्षात कसा हटला तेही सांगून टाकतो, कारण सिनेमात ते कुणी सांगणार नाही. पूर्वी टोळीवाला सकाळी फाटकावर उभा राहून माणसं उचलायचा. ज्याच्यावर मर्जी त्याला काम, मर्जीची किंमत वेगळी. १९४८ चा गोदी कामगारांचा कायदा आला, मग मुंबईत बोर्ड आलं. नोंदणी झाली, पाळीपाळीनं काम मिळू लागलं, बोट नसेल त्या दिवशी हजेरीचे पैसे मिळू लागले. गोदीला लागून जाणाऱ्या रस्त्याला ज्याचं नाव आहे त्या पी. डिमेलोनं आणि त्याच्यासारख्यांनी हे संप करून, तुरुंगात जाऊन राबवून घेतलं. बाजारातल्या हमालांसाठी १९६९ मध्ये माथाडी कायदा आला. विजयकडं तो ७८६ चा बिल्ला आहे ना, त्याला गोळी अडवायची दैवी शक्ती सिनेमानं दिली. गोदीतल्या बिल्ल्याची खरी शक्ती वेगळी होती. तो दाखवला की टोळीवाल्याला 'उद्या ये' म्हणता येत नव्हतं. १९८९ ला न्हावा-शेवा सुरू झालं, माल लोखंडी डब्यांत गेला, १९९४ मध्ये बोर्ड पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झालं, आणि हळूहळू फाटकावर पुन्हा ठेकेदार उभा राहिला. माझ्याकडं बिल्ला नाही. फोटोचा पास आहे, तोही ठेकेदाराच्या नावावरचा. त्यानं उद्या मागितला तर परत द्यायचा.

जाता जाता: विजय हा हाजी मस्तानवरून घेतला असं लोक म्हणतात. मस्तान गोदीत हमाल होता हे खरं. पुढं ऐंशीच्या दशकात त्यानं जोगेंद्र कवाडे यांच्याबरोबर दलित-मुस्लिम सुरक्षा महासंघ काढला, हेही खरं. म्हणजे पोरांनो, विजय वर्मा आपल्या मांडवात एकदा येऊन गेलाय, पांढरे कपडे घालून. त्यातून वस्तीला काय मिळालं तो हिशोब जुन्या मंडळींनी मांडावा.

दुसरा भाऊ, रवी. पोलीस. भूक लागली म्हणून पाव चोरून पळणाऱ्या पोराच्या पायात तो गोळी घालतो. मग त्याला लाज वाटते, तो खायचं घेऊन त्या घरी जातो. पोराची आई त्याला फाडून खाते. मोठे चोर सोडता आणि माझ्या लेकराला गोळी घालता? सिनेमात याच्याइतकं खरं दुसरं काही नाही. मला वाटलं, आता रवी वर्दी काढून ठेवणार. नाही! त्या पोराचा बाप, गरीब मास्तर, ए. के. हंगल, पुढं येतो आणि म्हणतो की चोरी ती चोरीच, पावाची असो की लाखाची. ते ऐकून रवीचं मन खंबीर होतं आणि तो भावाला धरायला निघतो. बघा डाव. कायद्याला शिक्का हवा होता, तो उपाशी माणसाच्या तोंडून मारून घेतला. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात गोळीबार झाला, दहा माणसं गेली. तिथल्या कुठल्या बापानं फौजदाराच्या पाठीवर हात ठेवून कायदा समजावला? फिल्मफेअरनं त्या वर्षी सहायक नटाचं बक्षीस शशी कपूरला दिलं. बच्चनला काही नाही. वर्दीच्या बाजूला आईही होती आणि बाहुलीही.

एक गोष्ट मात्र या सिनेमाची मला फार जवळची. आई आणि रवी देवळात जातात, विजय पायरीवर बसून राहतो. जात नाही म्हणजे नाही. कुणी अडवलेलं नाही, त्याचं त्यानं ठरवलंय. नाशिकला काळारामाच्या दारात २ मार्च १९३० पासून पाच वर्षं आपली माणसं उभी राहिली, डोकी फुटली, आणि १९३५ मध्ये येवल्याला बाबासाहेबांनी सांगितलं की हिंदू म्हणून मरणार नाही. त्यानंतर आपणही पाठ फिरवली. दार उघडं असलं तरी न जाणं यात जो मान आहे तो हिंदी सिनेमाच्या नायकानं दाखवला, आणि तोही ज्या सिनेमात आईचा शब्द देवासारखा, त्या सिनेमात. पण आई आजारी पडते आणि गडी आत जाऊन देवाशी भांडतो. आणि शेवटी भावाची गोळी खाऊन मरायला येतो तोही तिथंच, देवळात, आईच्या मांडीवर. पायरीवरचा माणूस मेल्याशिवाय आत येत नाही आणि आत आल्याशिवाय त्याला माफी नाही. हा 'दीवार'चा खरा शेवट, आणि त्यावर सगळे रडतात. मला राग येतो.

अनिताविषयी दोनच वाक्यं. ती दारू पिते, शय्येवर स्वतःच्या इच्छेनं येते, लग्नाचं स्वप्न बघते, म्हणून तिला मरावं लागतं. तिला मारलं की विजयच्या हातातल्या पिस्तुलाला कारण मिळतं. आपल्या कवितांमधल्या बायकांशीही आपण हेच करतो का, हे कवी मंडळींनी तपासावं.

आता मूळ मुद्दा. सूड.

हा शब्द आपल्याला आवडतो. मलाही आवडतो, माझ्या कवितेत तो सतरा ठिकाणी असेल. पण तो कुणाच्या कामाला येतो ते बघा. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांगेंच्या घरातली चार माणसं मारली. सुरेखा, प्रियंका, सुधीर, रोशन. खटला चालला, जातीच्या अत्याचाराचा कायदा लागला नाही. जुलै २०१० मध्ये हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं फाशीच्या शिक्षा पंचवीस वर्षांच्या कैदेवर आणल्या. कारण काय धरलं? हे जातीतून घडलेलं नाही, सूडातून घडलेलं आहे. बघितलंत? सूड म्हटलं की जात पुसली जाते. दोन माणसांचं वैर उरतं, याचं त्यानं केलं, त्याचं यानं केलं, गाव साफ सुटतं. सिनेमा तेच करतो. विजयचं सगळं जळणं शेवटी सामंत नावाच्या एका माणसाला मारण्यात खर्च होतं. सामंत मेला, प्रेक्षक मोकळा झाला, मालक शाबूत. भैयालाल भोतमांगे २०१७ च्या जानेवारीत गेले, सुप्रीम कोर्टाचा निकाल न बघता. त्यांच्यावर सूडाचा सिनेमा कुणी काढत नाही, कारण ते कुणाला मारत नाहीत, ते तारखेला जातात.

मी अहिंसेचं कीर्तन लावलेलं नाही. नागपूरच्या कस्तुरबा नगरच्या बायकांनी १३ ऑगस्ट २००४ ला कोर्टातच अक्कू यादवचा निकाल लावला. वर्षानुवर्षं पोलिसांनी ज्यांची तक्रार घेतली नाही त्या बायकांना शिकवायची माझी लायकी नाही. त्यावर २०२१ मध्ये '२०० हल्ला हो' नावाचा हिंदी सिनेमाही आला. पण एवढं पाहा की त्या शेकडोंनी गेल्या, आणि पोलीस आले तेव्हा सगळ्यांना धरा म्हणाल्या. आतून कुलूप लावून एकटीनं कुणी केलं नाही.

आणि आमच्याच भागातलं एक सांगतो, कारण वरवंडच्या पोरांना मुंबईची गोदी पाठ आणि शेजारचं सुपे माहीत नाही. चौफुल्यावरून मोरगावकडं जाताना सुपे लागतं. १२ मे १८७५, बाजाराचा दिवस. 'दीवार'च्या आधी बरोबर शंभर वर्षं. कर्जानं पिचलेले कुणबी सावकारांच्या घरांवर, दुकानांवर चालून गेले. लुटालूट झाली, आगी लागल्या, पण त्यांना हवे होते कागद. चोपड्या, कर्जखतं, हुकूमनामे. ते ओढून काढले आणि रस्त्यावर जाळले. तिथून ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावागावांत गेलं. बहुतेक ठिकाणी हेच घडलं. खतं द्या म्हणायचं, दिली तर माणसाला सोडून द्यायचं, जिवावर उठणं क्वचित. सरकारला कमिशन बसवावं लागलं आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. ते बंड कुणब्यांचं, आपलं नव्हे. पण अडाणी म्हणवली जाणारी ती माणसं विजय वर्मापेक्षा हुशार होती. आपल्या मानेवर कोण बसलाय हे विचारलं असतं तर त्यांनी सावकाराचं नाव सांगितलं असतं, पण हात घातला तो त्याच्या कागदाला. सावकार मेला तर त्याचा पोरगा तीच वही उघडून बसणार, हे त्यांना ठाऊक होतं.

२५ डिसेंबर १९२७ ला महाडला जे पेटलं त्यातही माणूस नव्हता, मनुस्मृती होती. विजयच्या हातावर जे गोंदलं होतं त्याचं मूळ पुस्तक. पोरं म्हणतील, पुस्तक जाळून जात गेली का? नाही गेली. सामंतला मारून गरिबी गेली का? फरक इतकाच की महाडला आपण सुई धरणाऱ्या हाताचा पत्ता शोधला होता, आणि 'दीवार' पाहून तो आपण हरवतोय.

माझ्यावर दोन आक्षेप येणार हे धरून चालतो. एक, सिनेमाकडून एवढी अपेक्षा कशाला? तीन तासांची करमणूक आहे, हमाल माणसानं पाहावी, घरी जावं. हा आक्षेप घेणाऱ्यानं मिरवणुकीतला ट्रॅक्टर बघितलेला नाही. करमणूक ट्रॅक्टरवर चढत नाही, आदर्श चढतात. दुसरा, मी विजयचा राग पोरांकडून काढून घेतोय. उलट. नागराज मंजुळेच्या 'फँड्री'त (२०१३) शेवटी जब्या दगड भिरकावतो तो एका गुंडाच्या डोक्यात जाऊन संपत नाही. तो आपल्या अंगावर येतो, खुर्चीत बसून बघणाऱ्या सगळ्यांच्या. रागाला असा पत्ता असावा. विजयच्या रागाला बळ आहे, पत्ता नाही.

पोरांनी फोटो काढला नाही तर मी काढायला जाणार नाही. वर्मा आमच्या धंद्यातला आहे, त्याला मी दारात उभं करीन, पाणी देईन. पण घरचा म्हणणार नाही.

आणि ज्यांना मुंबईत मला भेटून यावर वाद घालायचाय त्यांनी रात्रपाळी सुटल्यावर यावं. आमच्या पाळीत सतरा जण आहेत, त्यातले अकरा आपले, चार उत्तरेकडचे, दोन मुसलमान. मुकादमाच्या खिशातली लाल वही तुम्हाला मघाशी सांगितली. गेल्या महिन्यापासून आम्ही दुसरी वही घातलीय. तारीख, पाळी, बोटीचं नाव, माल कुठला, सही कितीवर केली, हातात किती आले. सतराही जण रोज सुटताना आपापल्या हातानं लिहितात, ज्याला लिहिता येत नाही त्याचं मी लिहितो आणि तो अंगठा उठवतो. एकतीस दिवस भरले. वही कुणाकडं असते ते इथं छापायचं नाही.